नर्सरीतून आणलेल्या जुनिपरचे बोन्साय: विदर्भाच्या हवेत कोणते काम कधी करावे

आर्वी तालुक्यातील एका खेड्यातून एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. फेब्रुवारीत त्यांनी वर्धा रस्त्यावरच्या एका नर्सरीतून जुनिपर या सदाहरित सूचिपर्णी झाडाचे रोप आणले. रोप साधारण दोन फूट उंच, चांगले दाट, बुंध्याशी अंगठ्याएवढे जाड आणि अजूनही काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे. त्यांनी पाहिलेल्या एका व्हिडिओत असेच रोप एका बैठकीत छाटले, तारेने वळवले, मुळे कापली आणि पसरट ट्रेमध्ये बसवले. आता एप्रिलचा मध्य आहे. कोणत्या फांद्या कापाव्यात, तार कशी गुंडाळावी आणि ट्रेमध्ये केव्हा लावावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, फांद्या निवडणे हा या कामातला तुलनेने सोपा भाग आहे आणि त्याकडे मी पुढे येतोच. अवघड भाग आहे तो कामांच्या क्रमाचा. वड, पिंपळ, उंबर यांचे बोन्साय करणाऱ्याला एक सवय लागलेली असते की झाड कितीही कापले तरी काही आठवड्यांत उघड्या खोडावर डोळे फुटतात आणि चुकीचा काप झाकला जातो. जुनिपरमध्ये ही सोय नाही. ज्या जुन्या लाकडावर हिरवे पान उरलेले नाही, त्यावर तो सहसा नवा फुटवा देत नाही, आणि एखाद्या फांदीवरची सगळी हिरवाई काढली तर ती फांदी वाळून जाते. शिवाय मुळांची वाढ पानांनी तयार केलेल्या अन्नावर चालते आणि पानांचा ओलावा मुळांवर अवलंबून असतो. दोन्ही बाजू एकाच दिवशी कापल्या तर झाडाला सावरण्यासाठी आधारच उरत नाही. थंड, दमट हवेत, अनुभवी हाताने, वर्षानुवर्षे पोसलेल्या झाडावर तसे काम निभते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा सर्रास ४३ ते ४५ अंशांवर असतो, आणि नागपूरला २३ मे २०१३ रोजी तर ४७.९ अंशांची नोंद झाली होती. अशा हवेत ते व्हिडिओतले काम झाडाच्या जिवावर बेतते. म्हणून माझे उत्तर एका नियमाभोवती आहे: एका हंगामात एकच मोठे काम करायचे, मग ते मुळांचे असो वा फांद्यांचे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगतो, कारण छायाचित्राशिवाय काही गोष्टी मला ठरवता येत नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे तुमचे झाड खरोखर जुनिपर आहे का. आपल्या भागातील नर्सऱ्यांमध्ये बारीक पानांच्या कोणत्याही सदाहरित झाडाला जुनिपर म्हणून विकले जाते. फांदीची पाने हातपंख्यासारखी एकाच पातळीत चपटी पसरलेली असतील आणि ते पंखे उभे असतील, तर ती मोरपंखी आहे. शाळेत वहीच्या पानांत ‘विद्या’ म्हणून ठेवतात तीच. मोरपंखी आपल्या उन्हाला जुनिपरपेक्षा अधिक टिकते, परंतु तिची पाने मुळातच उभ्या पात्यांत येत असल्याने आडव्या, ढगासारख्या गाद्या तिच्यात नीट बसत नाहीत. तिला उभ्या, ज्योतीसारख्या आकारात वाढू देणे मला अधिक योग्य वाटते. पाने पिवळसर पोपटी असतील आणि चुरडल्यावर लिंबासारखा वास येत असेल, तर तो गोल्डन सायप्रस आहे. हिवाळ्यात तो फार देखणा दिसतो, पण विदर्भाचा उन्हाळा त्याला सहसा झेपत नाही, आणि त्यावर कष्ट घेण्याचा सल्ला मी देणार नाही. फांद्या मजल्यामजल्याने, एकाच ठिकाणाहून चक्राकार निघत असतील तर तो ख्रिसमस ट्री म्हणून विकला जाणारा अरोकेरिया, आणि बोन्सायसाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. जुनिपरची ओळख अशी की, कोवळ्या भागावर टोचणाऱ्या बारीक सुया आणि पक्व भागावर दोरीसारखी गोलसर, खवल्याखवल्यांची डहाळी, अशी दोन्ही प्रकारची पाने एकाच झाडावर दिसू शकतात. जबर छाटणी झाली की तो पुन्हा टोचऱ्या सुया काढतो, हेही लक्षात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येईल.

दुसरी गोष्ट तुमच्या जागेची. सकाळचे ऊन दहा-साडेदहापर्यंत मिळणारी आणि दुपारी सावलीत जाणारी जागा असेल तर अर्धे काम झाले. माझी झाडे मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेच्या कडेला आहेत, आणि ओलित केलेल्या बागेतली हवा मे महिन्यातही गावातल्या स्लॅबवरच्या हवेपेक्षा बरीच सुसह्य असते. तुमच्याकडे फक्त गच्ची असेल तर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावीच लागेल, आणि पिशवी थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवावी लागेल.

तर आता, एप्रिलपासून मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत, या झाडावर कात्री चालवू नये. या काळातले काम एकच आहे, झाड हिरवे ठेवणे, आणि ते वाटते तितके सोपे नाही. काळी पिशवी दुपारी इतकी तापते की कडेची बारीक मुळे अक्षरशः शिजतात. पिशवीभोवती ओले बारदान गुंडाळावे, किंवा पिशवी एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या पोकळीत वाळू भरावी आणि ती वाळू ओली ठेवावी. झाड घरात, कूलरसमोर आणून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण जुनिपर हे घरातले झाड नाही. खोलीतल्या अंधुक उजेडात ते काही आठवडे हिरवे दिसते आणि आतून संपत जाते.

पाण्याबाबत एक बारकाई सांगतो, कारण नर्सरीतून आणलेली अशी कितीतरी रोपे याच कारणाने जातात. बरीचशी रोपे आंध्रातील कडियमसारख्या नर्सरीपट्ट्यातून किंवा पुण्याकडून लाल, चिकट मातीच्या गोळ्यात येतात. हा गोळा एकदा कडक वाळला की पाणी आत घेत नाही. वरून ओतलेले पाणी गोळा आणि पिशवी यांच्या फटीतून खाली निघून जाते, खालून पाणी वाहिल्याचे पाहून आपल्याला समाधान वाटते, आणि गोळ्याच्या मध्यभागी मुळे कोरडीच राहतात. बांबूची बारीक कमची गोळ्यात मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा. कमची कोरडी आणि लाल भुकटी लागलेली निघाली, तर पिशवी पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवा, मग निथळू द्या. त्यानंतर रोज सकाळी लवकर पाणी द्यावे, आणि मे महिन्यात सूर्य कलल्यावर पुन्हा एकदा कमचीने तपासून गरज असेल तर द्यावे. आमच्या पट्ट्यात आंबिया बहारासाठी संत्र्याला ताण देतात, त्यामुळे झाडाला थोडे पाणी तोडले की ते जोमाने फुटते असा अनेकांचा समज असतो. जुनिपरला कुंडीत असा ताण कधीही देऊ नये. संत्र्याची मुळे जमिनीत खोलवर ओल शोधतात आणि पाणी सुरू होताच झाड बहरते. कुंडीतल्या जुनिपरची वाळलेली मुळे परत येत नाहीत.

विदर्भात बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. जुनिपर चुना बऱ्यापैकी सहन करतो, तेव्हा त्याची फार काळजी करू नये. मात्र पाणी नेहमी भरपूर, खालून वाहून जाईल इतके द्यावे, म्हणजे क्षार साठणार नाहीत. पावसाळ्यात ते आपोआप धुतले जातात.

उन्हाळ्यातला दुसरा शत्रू म्हणजे लाल कोळी. पाने तांबूस, धुळकट, निस्तेज दिसू लागली की फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर दोन टिचक्या माराव्यात. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर तो कोळी आहे. पाण्याची जोरदार फवारणी आतल्या बाजूने दोन-तीन दिवसांआड केली तरी बराच फरक पडतो. कापसावर वापरतो तो ५ टक्के निंबोळी अर्क इथेही चालतो. तो दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावा आणि संध्याकाळीच फवारावा. गंधकाची फवारणी कडक उन्हात करू नये, पाने होरपळतात.

पाऊस स्थिरावला, हवेत दमटपणा आला आणि दुपारचा पारा तिशीच्या आसपास उतरला की, म्हणजे साधारण जुलैत, मुळांचे पहिले काम करावे. काही जाणकार हे काम जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत करतात. जिथे उन्हाळा सौम्य असतो किंवा ज्यांच्याकडे उत्तम शेडनेट आहे, तिथे ते बरोबरही आहे. आपल्याकडे मात्र फेब्रुवारीत दुखावलेल्या मुळांना सावरायला जेमतेम दीड-दोन महिने मिळतात आणि लगेच चाळिशी पार होते, म्हणून माझा कल स्पष्टपणे जुलैकडे आहे.

या पहिल्या वेळी पसरट ट्रे वापरू नये. पिशवीपेक्षा थोडी रुंद, सहा-सात इंच खोल, खाली मोठी छिद्रे असलेली साधी कुंडी घ्यावी. पिशवी कापून काढल्यावर आधी वरची माती बोटांनी आणि कमचीने हलके हलके बाजूला करावी, कारण नर्सरीत रोप पिशवीत भरताना बुंधा इंच-दोन इंच मातीत पुरला गेलेला असतो. खाली जाता जाता खोड एकाएकी रुंद होते आणि चहूबाजूंनी जाड मुळे निघालेली दिसतात. तीच तुमच्या झाडाची खरी जमिनीची पातळी. वरच्या मातीत फुटलेली केसासारखी मुळे काढली तरी चालतात. बुंध्याला वेढा घालून गेलेले एखादे जाड मूळ दिसले तर तेही कापावे, नाहीतर पुढे ते खोडाला आवळते. त्यानंतर लाल गोळ्याच्या साधारण अर्ध्या भागातली माती काढून ती मुळे मोकळी करावीत आणि उरलेला अर्धा भाग तसाच राहू द्यावा. सगळी माती धुऊन मुळे उघडी करण्याची पद्धत पानगळीच्या झाडांना चालते, सूचिपर्णींना ती मानवत नाही. उरलेला अर्धा भाग पुढच्या खेपेसाठी ठेवायचा.

मिश्रणात आपली काळी माती अजिबात नको. कपाशीला ती सोन्यासारखी असली तरी कुंडीत ती भिजली की फुगते, वाळली की तडकते, आणि प्रत्येक तडकण्यासोबत बारीक मुळे तोडते. मी विटांचा चुरा पाच भाग, धुतलेली जाडसर रेती तीन भाग आणि पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत दोन भाग असे मिश्रण वापरतो. चुरा ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्यापर्यंतच्या आकाराचा असावा, आणि त्याखालची भुकटी चाळून टाकून द्यावी. वीट पक्की भाजलेली हवी. मूठभर चुरा रात्रभर पाण्यात भिजत ठेवून सकाळी चिमटीत दाबून पाहावा. त्याचा चिखल होत असेल तर ती वीट या कामाची नाही. भंडारा-गोंदियाकडे भाताच्या तुसाचा कोळसा सहज मिळतो. तो मिळाल्यास शेणखताच्या दोनपैकी एक भाग त्याचा घ्यावा, मिश्रण हलके राहते. झाड कुंडीत बसवल्यावर छिद्रांतून ओवलेल्या तारेने मुळांचा गोळा घट्ट बांधावा, कारण वाऱ्याने झाड हलत राहिले तर नवी मुळे पुन्हा पुन्हा तुटतात. मग महिनाभर पावसाच्या थेट झोडपणीपासून दूर, उजेड भरपूर असलेल्या जागी ठेवावे. फांद्यांना या वेळी हात लावू नये. सगळी हिरवाई मुळे घडवायला हवी आहे.

ऑक्टोबरचे ऊन ओसरून थंडी पडली की, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत, तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नांचा हंगाम येतो. थंडीत वाढ मंद असते, पाण्याची गरज कमी असते आणि तार सालीत लवकर रुतत नाही. तत्पूर्वी शेंड्यांवर ताजी, उजळ हिरवी वाढ दिसते आहे का ते पाहावे. दिसत नसेल तर झाडाने अजून मुळे धरलेली नाहीत आणि घडणीचे काम पुढच्या हिवाळ्यावर ढकलावे. हे ऐकायला कष्टाचे वाटते, पण अशक्त जुनिपरवर केलेली घडण टिकत नाही.

काम सुरू करताना कुंडी डोळ्यांच्या उंचीवर येईल अशा टेबलावर ठेवावी. उभ्याने, वरून पाहून झाडाची पुढची बाजू ठरवली की ती हमखास चुकते. आधी सफाई करावी: आतल्या भागातील वाळलेल्या तपकिरी सुया, मेलेल्या काड्या आणि फांद्यांच्या बेचक्यांतील लोंबणारी बारीक, फिकट डहाळी चिमट्याने काढावी. एवढे झाले की आतापर्यंत झुडपासारखे दिसणारे झाड उघडे होते आणि खोड कुठून कुठे जाते ते प्रथमच दिसते. कुंडी हळूहळू फिरवत बुंध्याकडे पाहावे. मुळांचा पसारा ज्या बाजूने सर्वांत रुंद दिसतो, खोडाचे वळण ज्या बाजूने डोळ्यांना स्पष्ट कळते आणि खोडाचा शेंडा ज्या बाजूने किंचित आपल्याकडे झुकलेला वाटतो, ती पुढची बाजू. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला क्वचित जमतात. तडजोड करायची वेळ आली तर मी बुंधा आणि मुळे यांना अग्रक्रम देतो, कारण फांद्या वळवता येतात आणि बुंधा वळवता येत नाही. बांधावरच्या जुन्या चिंचेचा किंवा मोहाचा बुंधा एकदा बारकाईने पाहून यावे. जमिनीपाशी किती रुंद, आणि वर जाताना तो कसा निमुळता होतो, हे डोळ्यांत बसले की निवड सोपी जाते.

नर्सरीतल्या जुनिपरला बहुधा एकाच बुंध्यातून दोन-तीन खोडे निघालेली असतात. त्यांतले सर्वांत जाड तेच मुख्य ठेवावे असे नाही. जे वळणदार आहे आणि ज्यावर खालपर्यंत हिरवाई आहे, ते ठेवावे. तुमचे झाड दोन फूट उंच आणि अंगठ्याएवढे जाड आहे, म्हणजे उंचीच्या मानाने बुंधा फारच बारीक दिसणार. उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट असावी असे एक ढोबळ प्रमाण सांगितले जाते. ते तंतोतंत पाळायची गरज नाही, पण त्यावरून दिशा कळते: तुमचे झाड शेवटी आजच्या निम्म्याहून कमी उंचीचे होणार आहे, आणि त्याचा भावी शेंडा आजच्या झाडाच्या मधल्या भागातील एखाद्या फांदीत आहे. ती फांदी शोधून राखणे हे पहिल्या हिवाळ्यातले सर्वांत मोलाचे काम. तिच्या वरचे खोड लगेच पूर्ण कापू नये. या वर्षी त्यावरचा थोडाच भाग कमी करावा, आणि ती फांदी जोर धरल्यावर पुढच्या वर्षी बाकीचे काढावे.

फांदी कापण्यापूर्वी एक उपाय जरूर करावा. जी काढावी असे वाटते, त्या फांदीवर जुन्या धोतराचे किंवा साडीचे फडके गुंडाळून तिची हिरवाई झाकून टाका आणि चार पावले मागे येऊन पाहा. झाड त्या फांदीशिवाय कसे दिसेल ते लगेच कळते. मी अशी फडकी बांधून झाड एक रात्र तसेच ठेवतो. सकाळच्या उजेडात कितीदा तरी निर्णय बदलतो, आणि फडके सोडता येते. सर्वसाधारणपणे एकाच उंचीवर समोरासमोर निघालेल्या दोन फांद्यांपैकी एक, वळणाच्या आतल्या बाजूने निघालेल्या फांद्या, आणि पुढच्या बाजूने थेट आपल्या डोळ्यांकडे येणाऱ्या खालच्या फांद्या काढायच्या यादीत जातात. वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या फांद्या राखाव्यात. मागे जाणाऱ्या एक-दोन फांद्या आवर्जून ठेवाव्यात. नवशिके त्या काढतात आणि झाड कागदावरच्या चित्रासारखे सपाट होते. पहिल्या वेळी एकूण हिरवाईच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त काढू नये. त्याहून अधिक काढले की वर सांगितल्याप्रमाणे झाड टोचऱ्या सुया काढू लागते आणि ते पुन्हा पक्व पानांवर यायला दोन-दोन वर्षे लागतात.

काढायची ठरलेली जाड फांदी खोडाला लागून सपाट कापू नका. दीड-दोन इंचांचा खुंट ठेवा आणि त्यावरची साल चिमट्याने ठेचून सोलून काढा. पांढरे लाकूड उघडे पडते आणि उन्हाने सुकून चंदेरी होते. जपानी परंपरेत याला जिन म्हणतात, आणि जुनिपरला ते फार शोभते. तुम्हाला तो खुंट पुढे नकोसा वाटला तर केव्हाही काढता येईल. आपल्या पावसाळ्यात उघडे लाकूड कुजते, म्हणून त्यावर पुढे लाइम सल्फरचा, म्हणजे चुना-गंधकाच्या द्रावणाचा, हात द्यावा लागतो. तो देताना हिरवाई आणि माती प्लॅस्टिकने झाकून घ्यावी.

आता तार. ॲल्युमिनियमची बोन्सायची तार नागपूरला किंवा ऑनलाइन मिळते, आणि शिकताना तीच घ्यावी. तारेची जाडी फांदीच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश असावी. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडची तांब्याची तार पकड चांगली देते, परंतु एकदा वाकवली की ताठर होते आणि आधी तापवून मऊ करावी लागते, म्हणून ती नंतर. बांधकामाची लोखंडी तार मात्र कृपया वापरू नका. ती सालीत चिरत जाते आणि पहिल्याच पावसात गंजते. एकाच तारेने जवळजवळच्या दोन फांद्या गुंडाळाव्यात, म्हणजे एक फांदी दुसरीला आधार देते, आणि मधल्या भागात खोडाभोवती किमान एक-दीड वेढा यावा. वेढे ४५ अंशांच्या तिरकसपणाने, सालीला टेकलेले पण न आवळलेले असावेत. वाकवताना दोन्ही हातांचे अंगठे वळणाच्या आतल्या बाजूने टेकवावेत, तारेचा वेढा वळणाच्या बाहेरच्या बाजूवर यावा, आणि बळ हळूहळू लावावे. बारीक करकर ऐकू आली की तिथेच थांबावे; फांदीने तेवढेच द्यायचे ठरवले आहे. करंगळीहून जाड फांदी वळवायची असेल तर आधी तिच्यावर भिजवलेला अंबाडीचा किंवा घायपाताचा वाख घट्ट गुंडाळावा आणि त्यावर तार घ्यावी, म्हणजे साल फुटत नाही.

फांद्या बाहेर आणि किंचित खाली कलवाव्यात. कोवळ्या झाडाच्या फांद्या उजेडाकडे, वर वर जातात. वय झालेल्या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या स्वतःच्या वजनाने आणि थंड प्रदेशात बर्फाच्या भाराने खाली येतात. आपल्या रानात असे वृक्ष पाहायला मिळत नाहीत, म्हणून हे कारण माहीत असणे गरजेचे आहे, नाहीतर आपण सवयीने बाभळीचा माथा जुनिपरवर बसवतो. प्रत्येक फांदीच्या टोकाकडची डहाळी एका पातळीत पसरवावी आणि खाली लोंबणारी काढावी, म्हणजे खालच्या फांदीपर्यंत उजेड पोहोचेल. उजेड न पोहोचलेला आतला भाग वाळतो, आणि वाळलेला भाग परत येत नाही. शेंडे नखाने खुडण्याची पद्धत सोडून द्यावी. जी डहाळी जोराने पुढे धावते आहे तेवढीच, तिच्या लाकडी झालेल्या देठाशी कात्रीने कापावी. खवल्यांतून कात्री चालवली की टोके तपकिरी पडतात.

घडणीनंतर तीन-चार आठवडे सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला ठेवून पानांवर रोज पाणी शिंपडावे. नवे शेंडे दिसेपर्यंत खत देऊ नये. या काळात झाड हिरवे दिसते म्हणून निश्चिंत राहू नका. मुळे गेल्यानंतरही जुनिपर कित्येक आठवडे हिरवा दिसत राहतो. डहाळी चिमटीत धरून पाहा: जिवंत असेल तर ती लवचीक, किंचित ओलसर लागते आणि चुरडल्यावर तीव्र वास येतो, मेलेली असेल तर रंग राखाडी हिरवा, स्पर्श खरखरीत, आणि बोटांत तिचा चुरा होतो. तार जूनपासून दर आठवड्याला तपासावी, कारण पावसाळ्यात फांदी पाहता पाहता जाड होते आणि रुतलेल्या तारेचे वळ वर्षानुवर्षे राहतात. तार काढताना उलगडू नये. प्रत्येक वेढ्यावर कटरने तुकडे करून काढावी. फांदी परत वर आली तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बांधावी.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न, ट्रेचा. घडणीनंतरच्या जुलैत, म्हणजे आजपासून सव्वा वर्षाने, कुंडीतून गोळा अलगद उचलून पाहा. मिश्रणात सर्वत्र पांढऱ्या टोकांची मुळे दिसली आणि शेंड्यांवर भरपूर वाढ असेल, तर राहिलेला लाल मातीचा अर्धा भाग काढा, खालची जाड मुळे एक-तृतीयांशापर्यंत कमी करा आणि ट्रेमध्ये बसवा. ट्रेची खोली बुंध्याच्या जाडीपेक्षा कमी नको. आपल्या उन्हाळ्यासाठी मी तर त्याहून दोन बोटे अधिकच खोल घेतो. गावात कुंभार असेल तर त्याच्याकडून जाड काठाची, तीन छिद्रांची आणि खाली पाय असलेली पसरट कुंडी पक्की भाजून घ्यावी. मातीच्या भिंतीतून पाणी झिरपते आणि मुळे थंड राहतात. मुळे विरळ असतील किंवा लाल गोळ्याच्या बाहेर आलीच नसतील, तर झाड आहे त्या कुंडीतच आणखी एक वर्ष राहू द्या आणि त्या वर्षी फक्त तार व सफाई करा. तोपर्यंत, या आठवड्यात करण्यासारखे काम म्हणजे पिशवीभोवती ओले बारदान बांधणे आणि कमची खुपसून गोळ्याचा मध्य ओला आहे की नाही ते पाहणे.